ओरितोबाईंचा नंबर

१ एप्रिल, मंगळवार

वही आजपासून सुरू. उओझु स्टेशनवर उतरलो तेव्हा हवा इतकी स्वच्छ होती की मागच्या डोंगरांवरचा बर्फ हात लावावा इतका जवळ दिसत होता. ओसाकात बारा वर्षं एकशेचाळीस माणसांतला एकशेचाळिसावा होऊन राहिलो. इथे सगळे मिळून तिघं. मालक शिओमी, जे बहुतेक वेळ बाहेरच असतात, त्यांचा उजवा हात हातानाका, आणि मी. म्हणजे वाईटात वाईट तिसरा. चालेल.

ऑफिस मासळी बाजाराच्या मागे, दोरखंडांच्या दुकानाच्या वर आहे. पहाटेच्या लिलावाच्या नोंदी, म्हणजे कोणत्या होडीनं काय आणलं आणि ते कुणी उचललं, एका मशीनवर जमतात. दुपारी बाजार निवला की त्यांच्या नकला दुसऱ्या मशीनवर करायच्या आणि कोणती फाइल कुणी वाचावी, कुणी बदलावी, याच्या परवानग्या लावायच्या. माउस नाही, चित्रं नाहीत. काळा पडदा आणि त्यावर टंकलेल्या आज्ञा. मला तेच आवडतं. पडदा तोंडदेखलं बोलत नाही.

हातानाकासान एकोणसाठ वर्षांचे, विधुर, आवाज गोदीवरच्या भोंग्यासारखा. त्यांनी मला टेबल दाखवलं. ते आधीच्या बाईंचं, ओरितो सुमिए यांचं. एकोणीस वर्षं इथे होत्या, फेब्रुवारीत फुप्फुसाच्या आजारानं गेल्या. कपाटावर त्यांचा छोटा फोटो आहे, पुढे पाण्याचा पेला. मी रीतीप्रमाणे हात जोडले.

माझी उमेदवारी ऑगस्टात संपते आणि ऑगस्टातच चिहारु आणि कोनात्सु इथे राहायला येतील. तोवर या गावानं मिनेगिशी म्हटलं की मला ओळखायला हवं, एवढीच माझी मागणी आहे. फोनवर कोनात्सुनं विचारलं, तिथले मासे बोलतात का. म्हटलं, लिलावात माणसंच इतकी ओरडतात की माशांना संधी मिळत नाही. पाच वर्षांची पोर, पण खळखळून हसली.

४ एप्रिल, शुक्रवार

इथे एकट्यानं आज्ञा द्यायची नाही, हा नियम. एक वाचतो, एक टंकतो. हातानाकासान पुस्तिकेतली ओळ मोठ्यानं वाचतात. मी टंकतो, मग पडद्यावर बोट ठेवून तीच ओळ परत म्हणतो. ते चष्मा कपाळावर चढवून निरखतात आणि म्हणतात, "बरोबर." मग मी एंटर दाबतो आणि ते पेन्सिलीनं खूण करतात. तेवीस ओळी, तेवीस वेळा. ओसाकातही ही रीत होती, पण तिथे ती साहेब बघत असला तरच पाळायचो.

पुस्तिका ओरितोबाईंनी लिहिलेली, हातानं, डावीकडे कललेल्या बारीक अक्षरात. चौदाव्या ओळीवर मी अडलो. मशीनवर प्रत्येक फाइलीला एक मालक असतो. साधी नक्कल केली की नव्या प्रतीवर नक्कल करणाऱ्याचं नाव लागतं. पण बाईंनी आज्ञेला एक छोटा 'पी' जोडलाय. त्यानं मूळ मालक, मूळ तारीख, मूळ परवानग्या जशाच्या तशा राहतात. आणि नोंदी जमवणारा सगळा कारभार बाईंनीच बांधलेला, त्यांच्याच नावानं चालतो. थोडक्यात, आज सकाळी जाळ्यात आलेल्या माशांच्या यादीवरसुद्धा दीड महिन्यापूर्वी गेलेल्या बाईचं नाव.

मी म्हटलं, हा 'पी' काढला तर काय बिघडेल? हातानाकासान म्हणाले, ओरितोसान सांगायच्या, नक्कल आपण केली म्हणून वस्तू आपली होत नाही. मी मान डोलावली. एवढी वर्षं नकला करतोय, हे कुणी मला शिकवायला नको होतं.

९ एप्रिल, बुधवार

ओरितोबाईंना जाऊन आज एकोणपन्नास दिवस, त्याचे विधी होते. कुरोबेहून त्यांची म्हातारी आई आली, सगळ्यांना पुरतील एवढे तांदळाचे गोड गोळे घेऊन. हातानाकासान तोंड फिरवून रडले. मालकही डोळे पुसत होते. बाईंच्या हातून एकोणीस वर्षांत एकदाही चूक झाली नाही, असं मालक म्हणाले. मेल्या म्हशीला मणभर दूध.

मी सहज विचारलं की बाईंचं खातं मशीनवर अजून कसं? माणूस गेला की त्या दिवशी खातं बंद करतात, सगळीकडे. हातानाकासान म्हणाले, ओबोन होऊ दे. ऑगस्टातल्या त्या सणाला पितर घरी येतात, आणि त्या गेल्यानंतर पहिल्यांदाच येणार. तेव्हा दार बंद नको.

गोळे चांगले होते. चार खाल्ले.

२४ एप्रिल, गुरुवार

दुपारी समुद्रावर मृगजळ उठलं, तासभर सगळं गाव धक्क्यावर. लिलावाच्या खिडकीतल्या बाईंनी मला शेजारणीला दाखवलं: हे ओरितोसानच्या जागेवरचे. तीन आठवडे रोज त्यांच्याकडून नोंदी घेतोय, रोज नाव सांगतोय. मी आपला आयत्या बिळावरचा नागोबा. नागोबाला नाव कशाला हवं!

१४ मे, बुधवार

हे लिहून काढलं नाही तर झोप येणार नाही.

दहा दिवस खपून मी नकला करण्याची नवी रीत लिहिली. चाळीस मिनिटांचं काम बारा मिनिटांत होतं. बदललेल्याच फाइली उचलायच्या, परवानग्या एकदम लावायच्या. हातानाकासाननी ओळ न् ओळ वाचली, दोनदा चालवून पाहिली, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यात इतकी सुंदर थाप कुणी मारली नव्हती. मग ते पुस्तिकेची मागची पानं चाळायला लागले आणि म्हणाले, "हे बघा, ओरितोसाननी हेच सुचवून ठेवलंय. तुम्ही त्यांच्या अगदी जवळ पोचलात."

जवळ! मला तिच्या जवळ पोचायचं नाहीये. मला तिच्या जागी बसायचंय, आणि बसलोय तर ती उठत नाही. मत्सर वाटतो हे मी इथे स्वच्छ लिहितो. मेलेल्या बाईचा मत्सर वाटावा यासारखी लाज नाही, पण वाटतो. तिच्या अक्षराचा वाटतो. तिच्या पेल्यातल्या पाण्याचा वाटतो, जे हातानाकासान रोज सकाळी आठवणीनं बदलतात. माझ्या टेबलावर मात्र काल सांडलेला चहा आजही तसाच.

१८ मे, रविवार

चिहारुला हे सगळं फोनवर सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, वीस मिनिटांत ते नाव अकरा वेळा घेतलंस, मी मोजत होते. कोनात्सुचा दात पडला ते सांगायला फोन उचलला होता, ते राहूनच गेलं.

"तुझं त्या बाईवर मन बसलंय की काय?" असं विचारलं तिनं. थट्टेत, पण पूर्ण थट्टेत नाही.

मी दाताबद्दल विचारलं. तिनं फोटो पाठवला. बाकीच्या फोटोंसारखाच तोही फोनवरून काढून मशीनवरच्या माझ्या कप्प्यात ठेवला. आता बासष्ट झाले.

३ जून, मंगळवार

केलं.

हातानाकासान डोळे तपासायला तोयामाला गेलेत, मालक नेहमीप्रमाणे बाहेर. मुख्य पासवर्डाचं पाकीट हातानाकासानच्या खणात असतं, चिकटवलेल्या कडेवर आम्हा दोघांचे शिक्के. पाकीट किटलीच्या वाफेवर उघडलं. परत चिकटवलं की कळणार नाही.

नीट लिहून ठेवतो. मशीनला नावं कळत नाहीत, त्याला आकडे कळतात. ओरितो म्हणजे १०१९, मी १०४३. फाइलीवर खरा लिहिलेला असतो तो आकडा. नाव ही माणसांच्या सोयीसाठी वरून लावलेली चिठ्ठी. खातं पुसलं की चिठ्ठी गळते, आकडा तेवढा राहतो. आणि तो आकडा दुसऱ्या कुणाला दिला, तर त्या आकड्याचं जे जे असेल ते सगळं एका क्षणात त्याचं. एकही फाइल हलवावी लागत नाही. नवख्यांना पहिल्या वर्षी बजावतात: गेलेल्याचा नंबर पुन्हा कुणाला देऊ नका.

मी ओरितोबाईंचं खातं पुसलं आणि माझ्या नावापुढे १०१९ लिहिलं.

वाचणारा मीच, टंकणारा मीच, बोट दाखवणारा मीच. समोरची खुर्ची रिकामी होती, पण 'बरोबर' ऐकल्याशिवाय एंटर दाबायचा नाही ही सवय इतकी मुरलीय की हात थांबला. मग "बरोबर" मीच म्हटलं. आवाज बारीक निघाला. दाबलं.

यादी काढली. एकोणीस वर्षांच्या फाइली, पानामागून पान, आणि प्रत्येकीपुढे मिनेगिशी. मिनेगिशी. मिनेगिशी. खुर्चीत मागे रेलून मोठ्यानं हसलो.

४ जून, बुधवार

हातानाकासानना काही कळलं नाही. उलट आज चौदाव्या ओळीला थांबून म्हणाले की हा 'पी' जोडायची तुमची कल्पना फार चांगली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा करत नव्हते. मी म्हटलं, त्यात काय एवढं.

लिलावाच्या खिडकीतल्या बाईंनी नावानं हाक मारली. मिनेगिशीसान, तुम्ही आहात म्हणून आमचं चाललंय, असंही म्हणाल्या. घरी जाताना माकूळ आणि साके आणली. आज पहिल्यांदा या गावात जेवण गोड लागलं.

९ जून, सोमवार

ओरितोबाईंचा एक कप्पा होता, ज्याची परवानगी फक्त कप्प्याच्या मालकाला. हातानाकासाननीही तो कधी पाहिलेला नाही. आता मालक मी. उघडला.

आईच्या हातच्या मुळ्याच्या लोणच्याची कृती. इस्पितळाचा अहवाल, उजव्या फुप्फुसावर सावली. आणि हातानाकासानना लिहिलेली पत्रं, दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला एक, एकही न दिलेलं. शेवटचं नऊ ओळींचं. मला असं कुणी कधी लिहिलं नाही. चिहारुनंही नाही.

सगळी वाचली, मग पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना पुढची ओळ काय आहे हे मला आधीच माहीत होतं. पाठ झाली असणार.

१७ जून, मंगळवार

खोकला. पावसाळी हवेचा असेल. उजव्या बाजूला दुखतं.

आज कोनात्सुचे फोटो बघायला माझा जुना कप्पा उघडायला गेलो. पडद्यानं एकच ओळ दाखवली: परवानगी नाही.

मग लक्षात आलं. मूर्खासारखी चूक. मी आकडा बदलला, पण माझ्या स्वतःच्या जुन्या फाइलींवर अजून १०४३ आहे. आणि १०४३ आता कुणीच नाही. बासष्ट फोटो तिथेच पडलेत आणि मालकाच्या जागी नाव नाही, नुसता आकडा. दुसऱ्याचं घेण्याच्या नादात मी माझंच दार बाहेरून लावून घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मुख्य पासवर्ड पुन्हा मिळाला की दोन ओळींचं काम आहे. घाबरण्यासारखं काही नाही.

२२ जून, रविवार

चिहारु म्हणाली आवाज वेगळा येतोय. म्हटलं खोकला. ती म्हणाली खोकल्याचा नाही, वेगळा.

कोनात्सु फोनवर यायला तयार झाली नाही.

१ जुलै, मंगळवार

खणातलं पाकीट बदललंय. नवा पासवर्ड, कडेवर नवे शिक्के. एक हातानाकासानचा, दुसरा ओरितो असा. शाई ताजी होती.

शेवटी हातानाकासानना सगळं सांगितलं. खातं पुसलं, आकडा घेतला, वाफ, सगळं. मान खाली घालून माफी मागितली आणि म्हटलं की १०४३चा कप्पा तेवढा उघडून द्या, त्यात माझ्या मुलीचे फोटो आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. काळजीनं, जसं तापात बडबडणाऱ्याकडे बघतात तसं.

"ते कुणाचं तरी आहे, ओरितोसान," ते म्हणाले. "माणूस नाही म्हणून आपण उघडायचं नसतं. हा नियम तुम्हीच घातलात ना?"

मग त्यांनी माझ्या टेबलावरचा सांडलेला चहा पुसला आणि नवा आणून ठेवला.

मी म्हटलं मी मिनेगिशी. मोठ्यानं म्हटलं. ते म्हणाले, हो, मलाही आठवण येते त्यांची.

९ जुलै, बुधवार

खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एकोणीस वर्षं झाली नाही हो तुम्हाला इथे.

ओळखपत्र पाकिटात नाही. घराच्या दारावरची पाटी मी काढलेली नाही, तरी नाही.

दुपारी कुरोबेहून फोन आला. म्हातारी. जेवलीस का, विचारलं. मी फोन ठेवायला हवा होता. पण मी सांगितलं की मुळ्याचं लोणचं संपत आलंय, आणि ती हसली, आणि म्हणाली या रविवारी पाठवते. मग आम्ही पावसाबद्दल बोललो.

मला बरं वाटलं. हेच भयंकर आहे की मला बरं वाटलं.

२० जुलै, रविवार

चिहारुला फोन लावला. पाच वेळा वाजला. उचलला तिनंच. माझा आवाज ऐकताच एकदम अदबीनं बोलायला लागली, परक्याशी बोलतात तसं. फुलं पोचली, म्हणाली. तुमच्या सगळ्यांचे आभार, ओरितोसान.

मी फुलं पाठवलेली नाहीत.

कसली फुलं? — विचारलं. ती रडायला लागली आणि फोन —

मागे कोनात्सुचा आवाज येत होता. गाणं म्हणत होती. माझी मुलगी. मी लिहून ठेवतो: कोनात्सु ही माझी मुलगी. तिचा दात पडलाय. वरचा की खालचा ते —

फोटो पाहिला तर सांगता येईल.

२८ जुलै, सोमवार

कपाटावर फोटो तोच नाही. पुरुषाचा आहे. पेल्यात ताजं पाणी. हातानाकासान रोज बदलतात.

मी बघत नाही तिकडे. बघितलं तर ओळख पटेल की काय अशी भीती, आणि पटली नाही तर —

आज सगळ्या तेवीस ओळी पुस्तिका न बघता म्हटल्या. हातानाकासान प्रत्येक ओळीला नुसते "बरोबर" म्हणत गेले. मग मी खूप खोकले. खुर्चीत बसून राहिले.

४ ऑगस्ट, सोमवार

ही वही मागे उलटून पाहिली. एप्रिलची पानं. शाई दिसते, ओळी दिसतात. वाचता येत नाही. डोळा अक्षरावरून घसरतो. ते अक्षर माझं नाही, गोल, सरळ, कुणा पुरुषाचं. आजचं डावीकडे झुकतंय.

कोण होता तो? इतकं काय लिहून ठेवलंय त्यानं?

९ ऑगस्ट, शनिवार

ओबोनची तयारी. हातानाकासाननी काकडीचा घोडा केला, गेलेल्यांनी त्यावर बसून लवकर यावं म्हणून. चार काड्यांचे पाय नीट लावले, सावकाश. बुधवारी त्यांची बायको-मुलगी येणार आहे ओसाकाहून, असं म्हणाले. त्यांची म्हणजे फोटोतल्या माणसाची. त्याचं खातं अजून बंद केलं नाही. मी म्हटलं, ओबोन होऊ दे.

छाती दुखते. उजवीकडे.

आकडा — आकडा परत द्यायला हवा. कुणाला? काय होता तो — एक हजार —

१३ ऑगस्ट, बुधवार

त्या आल्या आहेत. शेजारच्या खोलीत बसल्यात. मी चहा नेऊन ठेवला आणि इकडे येऊन लिहितेय, लिहायला हवं.

बाई काळ्या कपड्यांत. मुलगी पाचेक वर्षांची. फोटोसमोर दोघींनी उदबत्ती लावली. हातानाकासान त्यांना सांगत होते की इतक्या थोड्या दिवसांत इतकं शिकलेला माणूस त्यांनी पाहिला नाही, चाळीस मिनिटांचं काम त्यानं बारा मिनिटांवर आणलं. सांगताना रडले. एकोणीस वर्षं मी इथे राबले, आणि चार दिवस आलेल्या माणसासाठी हे रडतात. असं काय होतं त्याच्यात? पाणी त्याला ताजं, फुलं त्याला, घोडा त्याला.

मग बाई माझ्याकडे वळल्या. वाकून नमस्कार केला. म्हणाल्या, "ओरितोसान तुम्हीच ना? यजमान फोनवर फक्त तुमचंच बोलायचे. आज दिवा लावलाय, खोटं बोलत नाही. मला तुमचा फार मत्सर वाटायचा."

मुलगी आईच्या मागे लपून मला बघत होती. मग तिला कागद दिला, ती चित्र काढायला बसली. जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. टंकताना मी तश्शीच धरतो. लहानपणापासून. आई ओरडायची, माझी आई, कुरोबेची नाही, दुसरी, माझी —

खालचा दात. खालचा पडला होता. आता नवा येतोय. दिसला मला.

कोनात्सु.

त्या उठायला लागल्यात. बूट घालतायत. हातानाकासान दारापर्यंत सोडायला निघालेत. ही वही तिच्या हातात द्यायची, बाकी काही नाही, एवढं एक पान. तिला कळेल अशी एकच ओळ. सरळ अक्षरात, कलू द्यायचं नाही —

चिहारु, थांब. फोटोतला तो मी आहे. मी तुझा